राधानगरीच्या पावसात गुलाब : औषधी जातीची निवड, लागवड आणि गुलकंदासाठी पाकळ्यांची पारख

प्रास्ताविक

गुलकंद हा आपल्या नित्य व्यवहारातील कल्प. पित्तप्रकृतीचा रुग्ण, गर्भिणी, लहान बालक, वृद्ध, अशा सर्वांना आपण तो निःशंक मनाने देतो. परंतु त्या गुलकंदातील पाकळी कोणत्या गुलाबाची, कोठे वाढलेली आणि कोणत्या फवारणीखालून आलेली, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आम्हांस हा प्रश्न एका नुकसानीमुळे पडला. एका वर्षी घरच्या झाडांची फुले अपुरी पडल्याने आम्ही व्यापाऱ्याकडून ‘देशी गुलाब’ म्हणून पाकळ्या मागविल्या. रंग गडद व मोहक होता, पाकळी जाड होती. मात्र गंध जवळजवळ नव्हता. पोते उघडताच आलेला दर्प तर सरळ कीटकनाशकाचा होता. तो सर्व माल आम्ही टाकून दिला. तेव्हापासून आपल्या औषधाला लागणारा गुलाब आपल्याच हवामानात, आपल्याच अंगणात कसा होईल, याचा आम्ही पाठपुरावा करीत आहोत. राधानगरीसारख्या अतिपर्जन्याच्या भागात हे काम वाटते तितके सोपे नाही. पण जातीची निवड योग्य असेल तर अशक्यही नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच ऊहापोह केला आहे.

शास्त्रीय ओळख

भावप्रकाश निघंटूच्या पुष्पवर्गात ‘शतपत्री’ या नावाने गुलाबाचे वर्णन येते. ‘तरुणी’ हा तिचाच पर्याय. गुणकर्मे पुढीलप्रमाणे सांगितली आहेत : कटु व तिक्त रस, शीत वीर्य, लघु गुण, हृद्य, ग्राही, पाचन, शुक्रल, वर्ण्य, तसेच त्रिदोषहर व रक्तदोषनाशक.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, संहिताग्रंथांतील ‘शतपत्र’ हा शब्द कमळवाचक आहे. चरकोक्त मूत्रविरजनीय गणात पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक व पुंडरीक यांच्या पंक्तीत येणारे शतपत्र म्हणजे गुलाब नव्हे. दुसरी गोष्ट, ग्रंथात शतपत्री ग्राही म्हटली असली तरी व्यवहारात गुलकंद मृदुसारक म्हणून वापरला जातो. यात विरोध मानण्याचे कारण नाही. शुष्क पाकळीत कषायता प्रधान असते. ताजी पाकळी समभाग वा द्विगुण साखरेत मुरली की कल्पाचे कार्य बदलते. संस्काराने गुणांतर होते, हा आपलाच सिद्धांत आहे.

आता वनस्पतिशास्त्रीय ओळखीकडे वळू. भारतीय आयुर्वेदीय औषधकोशात शतपत्रिका म्हणून ‘रोझा सेंटिफोलिया’ ही जाती दिली आहे. मात्र उद्यानविद्येचा इतिहास असे सांगतो की, आज ज्याला सेंटिफोलिया म्हणतात तो गच्च पाकळ्यांचा संकरित गुलाब सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकापर्यंत मुख्यतः हॉलंडमध्ये घडत गेला. भावमिश्रांचा काळ सोळाव्या शतकाचा. त्यांच्यासमोर असलेला सुगंधी गुलाब हा इराणकडून आलेला दमास्क गुलाब, म्हणजे ‘रोझा डॅमासेना’, असण्याचीच शक्यता अधिक. ‘गुलाब’ आणि ‘गुलकंद’ हे दोन्ही शब्द फारसीतील आहेत व युनानी वैद्यकाने त्यांचा प्रसार केला, ही बाबही याच दिशेने बोट दाखविते. आपल्याकडील रोपवाटिकांत सेंटिफोलिया म्हणून जे दिले जाते, तेही बहुधा दमास्क अथवा त्याच्या वंशातील झाड असते. सेंटिफोलिया व दमास्क हे दोघेही जुन्या सुगंधी गुलाबांच्या कुळातील असल्याने औषधी व्यवहारात फारसे बिघडत नाही. बिघडते ते या कुळाबाहेरचा, गंधहीन, शोभेचा गुलाब त्यांच्या जागी आल्यावर.

एकाच जिल्ह्यातील दोन हवामाने

कोल्हापूर जिल्हा गुलाबाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. पूर्वेकडील शिरोळ तालुक्यात वार्षिक पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. कोल्हापूर शहरात सुमारे एक हजार. आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत असलेल्या राधानगरीत तीन हजार मिलिमीटरहून अधिक. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दाजीपूर-फोंडा घाटाच्या बाजूने येणारे ढग भोगावतीच्या खोऱ्यावर अक्षरशः बसून राहतात. म्हणूनच छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या धरणासाठी हे खोरे निवडले. धरणाला जे वरदान, तेच गुलाबाला संकट ठरते. त्याची कारणे चार आहेत.

१) काळे ठिपके : पानांवर काळे ठिपके पाडणारी बुरशी पान सलग सात तास वा अधिक काळ ओले राहिले की रुजते. वीस ते सव्वीस अंश तापमान तिला विशेष मानवते. राधानगरीच्या पावसाळ्यात पान दिवसेंदिवस कोरडे होत नाही व तापमानही साधारण याच कक्षेत असते. परिणामी आषाढ संपेपर्यंत नाजूक जातींची झाडे निष्पर्ण होतात.

२) कळी न उमलता कुजणे : गच्च पाकळ्यांच्या फुलांत बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींस चिकटतात व आतील फूल गुदमरून तपकिरी पडते. पाकळी जितकी अधिक व पातळ, तितका हा दोष मोठा.

३) मातीची धूप व आम्लता : येथील तांबडी जांभी माती निचऱ्यास चांगली, परंतु अतिवृष्टीने तिच्यातील चुना व अन्नांश वाहून जातात. गुलाबास किंचित आम्ल, म्हणजे सामू सहा ते साडेसहाच्या दरम्यानची माती मानवते. जांभी माती अनेकदा त्याहून आम्ल असते.

४) थंडीचा अभाव : दमास्क गुलाबास भरघोस बहरण्यासाठी हिवाळ्यातील खरी थंडी लागते. राधानगरीचा हिवाळा सुखद असला तरी तितका कडक नाही.

शिरोळकडे यांतील पहिल्या तीन अडचणी बऱ्याच सौम्य होतात. तेथे भुरी, फुलकिडे व लाल कोळी ही कोरड्या हवेची दुखणी पुढे येतात. म्हणून एका तालुक्यातील अनुभव दुसऱ्या तालुक्यास जसाच्या तसा लागू करू नये.

जातीनिहाय अनुभव

अ) दमास्क गुलाब. अत्तर व गुलाबजलाचा हा मूळ गुलाब. बल्गेरियातील कझनलक, तुर्कस्तानातील इस्पार्ता, आपल्याकडे कनौज, हाथरस, पुष्कर ही त्याची क्षेत्रे. एक किलो तेलासाठी साधारण साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. पालमपूरच्या संशोधन संस्थेने ‘ज्वाला’ व ‘हिमरोज’, तर लखनौच्या सीमॅपने ‘नूरजहाँ’ व ‘रानीसाहिबा’ हे त्याचे निवडक वाण दिले आहेत. ‘ज्वाला’ उष्ण मैदानी भागासाठी व ‘हिमरोज’ थंड डोंगरी भागासाठी, अशी विभागणी आहे. गुणदृष्ट्या हा गुलाब श्रेष्ठ खरा. परंतु तो मुख्यतः वसंतात एकदाच फुलतो. आमच्याकडे त्याचे झुडूप पसरले, पाने आली; फुले मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. घरगुती संग्रहासाठी एखादे झाड असावे, गुलकंदाचा भार त्यावर टाकू नये.

आ) एडवर्ड, अर्थात बारमाही सुगंधी गुलाब. आमच्या मते राधानगरीसाठी हाच प्रथम क्रमांकाचा गुलाब. त्याची कथा उद्बोधक आहे. हिंदी महासागरातील बुर्बों, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर, कुंपणासाठी लावलेल्या दमास्क व चिनी गुलाबांचा आपोआप संकर होऊन एक नवा गुलाब निपजला. १८१९ च्या सुमारास त्याचे बी फ्रान्सला पोहोचले व त्यातून बुर्बों गुलाबांचे घराणे उभे राहिले. त्यातील ‘रोझ एदुआर’ भारतात आला आणि लोकांच्या तोंडी ‘एडवर्ड’ झाला. गंध दमास्क आजोळचा, तर वारंवार फुलण्याचा गुण चिनी गुलाबाचा, असा हा योग आहे. शिवाय जन्मभूमी उष्ण व भरपूर पावसाची असल्याने सह्याद्रीचा पाऊस त्यास परका वाटत नाही. काळे ठिपके यालाही होतात, पाने गळतात. पण झाड मरत नाही आणि पाऊस ओसरताच जोमाने फुटते. उत्तर भारतात गुलकंद व गुलाबजल यांसाठी तो पूर्वापार वापरात आहे. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या परसात ‘गावठी गुलाब’ म्हणून जी गुलाबी, अतिसुगंधी, मऊ पाकळ्यांची झाडे आढळतात, त्यांतील कित्येक याच घराण्यातील असावीत.

इ) ग्रुस अन टेप्लिट्झ. गेश्विंड या संकरकाराने १८९७ साली प्रसृत केलेला हा किरमिजी लाल, खाली मान घालणारा, सुगंधी गुलाब. पाकिस्तानातील पंजाबात तो ‘सुर्खा’ नावाने गुलकंदासाठी प्रसिद्ध आहे. फूल अधोमुख असल्याने पावसाचे पाणी त्यात साचत नाही, हा येथे मोठाच लाभ. लाल गुलकंद हवा असणाऱ्यांनी कृत्रिम रंगाचा विचार न करता या जातीकडे वळावे. याच वंशातील ‘रोझ शरबत’ हा डॉ. बी. पी. पाल यांनी निर्माण केलेला गुलाबही मिळाल्यास अवश्य लावून पाहावा.

ई) संकरित टी गुलाब. प्रदर्शनांतून पारितोषिके मिळविणारी मोठी, डौलदार फुले याच वर्गातील. ‘ग्लॅडिएटर’ हा उघड्या शेतीतील त्यांचा परिचित प्रतिनिधी. शिरोळ-हातकणंगले भागात हे गुलाब उत्तम येतात. राधानगरीत मात्र दरवर्षी पावसाळ्यात पाने गमावतात, शेंड्याकडून वाळत येतात व तीन-चार वर्षांत बहुधा संपतात. शोभेसाठी कुंडीत, छपराखाली ठेवावेत. ज्यांस उत्तम गंध आहे त्यांच्या पाकळ्या घरगुती वापरास चालतील. औषधासाठी प्रमाण मानू नयेत.

उ) फ्लोरिबंडा. गुच्छाने फुलणारे हे गुलाब टी गुलाबांहून काटक असतात व पाऊसही अधिक सोसतात; पण बहुतेकांस गंध बेताचाच. अंगणाची शोभा एवढाच त्यांचा उपयोग.

ऊ) हरितगृहातील डच गुलाब. तळेगाव, मावळ व शिरोळ भागात पॉलिहाऊसमध्ये होणारे ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ आदी वाण फुलदाणीत दीर्घकाळ टिकावेत म्हणून निवडलेले आहेत. जाड पाकळी व टिकाऊपणा यांच्या मागे लागताना गंध मागे पडला. यांच्या लागवडीत कीड-रोगनियंत्रणासाठी वारंवार फवारणी करावी लागते. फूलदाणीच्या फुलाबाबत त्यात गैर काही नाही. शेतकऱ्याने ते फूल खाण्यासाठी पिकविलेलेच नसते. दोष आपला की, आपण ते औषधात घालतो.

या अखेरच्या मुद्द्यावर अंमळ थांबणे अवश्य आहे. क्वाथात, तैलपाकात वा अर्कात द्रव्यावर अग्निसंस्कार होतो. गुलकंद सूर्यपाकी कल्प आहे. त्यास उकळी नाही, गाळणी नाही, ऊर्ध्वपातन नाही. पाकळीवर व पाकळीत जे काही असेल ते संपूर्णपणे रुग्णाच्या पोटात जाते. आंतरप्रवाही कीटकनाशके तर धुऊनही जात नाहीत. आणि हा कल्प आपण नेमका गर्भिणी व बालकांस देतो.

राधानगरी परिसरातील लागवड

जागा : पूर्वाभिमुख अंगण सर्वोत्तम. सकाळचे ऊन मिळाल्यास उघडिपीच्या दिवशी पाने लवकर वाळतात. कौलारू घराच्या पागोळीखाली झाड कदापि लावू नये. सतत पडणाऱ्या धारेने मूळ उघडे पडते आणि उडालेल्या मातीबरोबर रोग पानांवर चढतो.

रोप : आमचा आग्रह छाट कलमाचा, म्हणजे स्वतःच्या मुळावरील रोपाचा आहे. डोळा भरलेल्या कलमाचा वरचा भाग पावसात मेला की खालचा खुंट फुटतो. मग ‘आमचा गुलाब जंगली झाला’ अशी तक्रार ऐकू येते. छाट कलमाचे झाड जमिनीपर्यंत वाळले तरी पुन्हा तीच जात फुटते. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व काडीचे वीतभर तुकडे पावसाळा सरताना लावावेत.

वाफा : जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा, दोन झाडांत एक मीटर अंतर. शेणखतासोबत मूठभर चुनखडीची भुकटी मातीत मिसळावी. शक्य असल्यास माती तपासून प्रमाण ठरवावे. पावसाळ्यापूर्वी बुडाशी भाताच्या पिंजराचे आच्छादन द्यावे.

छाटणी : देशावर काही बागायतदार जूनमध्येही छाटणी करतात. राधानगरीत ते टाळावे. कोवळी फूट ऐन पावसात सापडून कुजते. पाऊस उघडल्यावर, दसऱ्याच्या सुमारास एकच छाटणी करावी. त्यानंतर सुमारे दीड महिन्याने फुले सुरू होतात व पुढे उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने मिळत राहतात.

रोगनियंत्रण : गळलेली रोगट पाने वेचून जाळावीत; निम्मे काम तेथेच होते. एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाच्या तोंडावर व छाटणीनंतर लगेच, म्हणजे झाडावर औषधासाठी घ्यावयाचे फूल नसतानाच, करावी. मावा व फुलकिड्यांसाठी निंबोळी अर्क पुरेसा ठरतो. फुलांचा हंगाम सुरू झाल्यावर फवारणी बंद. पावसाळ्यातील फुले देवास वाहावीत, बरणीत घालू नयेत.

पाकळ्यांची पारख आणि गुलकंद

फार्मसीचालकांनी माल स्वीकारताना पुढील बाबी तपासाव्यात :

१) गंध. मूठभर पाकळ्या तळहातावर चुरडून हुंगाव्यात. गोडसर, खोल गुलाबगंध आला पाहिजे. गंध नसेल तर रंग कितीही उत्तम असो, माल परत करावा.

२) स्पर्श. औषधी गुलाबाची पाकळी पातळ व मऊ असते, बोटांत सहज चुरडते. जाड, चामट पाकळी बहुधा फुलदाणीच्या फुलाची.

३) रंग. पाण्यात टाकताच गडद रंग सुटल्यास कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा.

४) उगम. कोणाच्या बागेतील, कोणती जात, शेवटची फवारणी केव्हा व कशाची, याची लेखी नोंद घ्यावी. २००० साली लागू झालेल्या अनुसूची टी मध्ये कच्च्या मालाच्या नोंदी सांगितल्याच आहेत; तो उपचार न मानता उपयोगात आणावा. मोठ्या खरेदीत कीटकनाशक-अवशेषांची प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी.

गुलकंदासाठी फुले सकाळी दव वाळल्याबरोबर, ऊन चढण्यापूर्वी तोडावीत; उशीर होईल तसा गंध उडतो. पाकळ्या सावलीत अर्धा दिवस पसरून पृष्ठभागावरील ओल पूर्ण घालवावी. पाकळी व खडीसाखर समभाग ते एकास दोन या वजनी प्रमाणात, काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत थरावर थर द्यावेत आणि तोंडास दादरा बांधून तीस ते चाळीस दिवस उन्हात ठेवावे; अधूनमधून कोरड्या चमच्याने हलवावे.

यात हंगामाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. साखरेचे प्रमाण दाट असेतोवर सूक्ष्मजीवांना वाढण्यास मोकळे पाणी मिळत नाही, म्हणून गुलकंद टिकतो. पाकळी ओली असली वा हवा दमट असली की वरच्या थरात पाणी सुटते व किण्व सुरू होते. एका श्रावणात चांगली फुले वाया जाऊ नयेत या मोहाने आम्ही बरणी भरली. पंधरा दिवसांत ती आंबली. राधानगरीत गुलकंद डिसेंबर ते एप्रिल याच काळात करावा, हा धडा आम्ही त्या बरणीकडून घेतला.

मात्रा सामान्यतः पाच ते दहा ग्रॅम. निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असू शकतो, हे प्रमेही रुग्णाच्या बाबतीत कधीही विसरू नये. तेथे शुष्क पाकळीचे चूर्ण वा फांट यांचा विचार करावा.

समारोप

सारांश असा की, ‘गुलाब’ हे एक नाव असले तरी ते एक द्रव्य नव्हे. दमास्क थंडीत रमतो, टी गुलाब कोरड्या हवेत, डच गुलाब छपराखाली. आणि आमच्या भोगावतीच्या काठी एका दूरच्या पावसाळी बेटावर जन्मलेला एडवर्ड तग धरतो. द्रव्याची परीक्षा देशविचाराशिवाय पूर्ण होत नाही, याचे हे घरगुती उदाहरण आहे.

प्रत्येक वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या आवारात सुगंधी गुलाबाची चार-पाच झाडे लावावीत. त्यातून फार्मसी चालणार नाही, हे आम्ही जाणतो. पण खऱ्या पाकळीचा गंध नाकास परिचित होईल आणि मग बाजारातील पोते उघडताना फसगत होणार नाही. फार्मसीचालकांनी आपल्या परिसरातील दोन-तीन शेतकऱ्यांशी विनाफवारणीच्या फुलांचा करार करावा. भाव थोडा चढा द्यावा लागला तरी द्यावा. बरणीवर चिठ्ठी आपल्या नावाची असते. आतील पाकळीचे उत्तरदायित्वही आपलेच. निरनिराळ्या तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनींनी आपल्याकडील जुन्या गावठी गुलाबांच्या छाटांची परस्परांत देवघेव करावी व एका वर्षाच्या बहराची नोंद ठेवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.